दहा सेकंद कोणाच्या खात्यात? छोट्या कंपनीतला पर्यावरणाचा हिशेब

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत गेलात, तर एक आवाज ऐकू येतो. लेथ थांबलेले, प्रेस थांबलेला, ऑपरेटर डबे उघडून बसलेले, आणि कुठल्यातरी पाइपाच्या जॉइंटमधून बारीक 'सुंऽऽ' चालूच. हवा सुटतेय. तिथे रोज काम करणाऱ्याला तो आवाज ऐकूच येत नाही, जशी रुळांजवळ राहणाऱ्याला रात्रीची गाडी ऐकू येत नाही.

त्या आवाजाची किंमत काढता येते. लाइनमध्ये सात बारचा दाब आणि भोक तीन मिलिमीटरचं असेल, तर तेवढी हवा परत भरायला कॉम्प्रेसरला साधारण तीन किलोवॉट वीज लागते. दोन शिफ्ट म्हणजे सोळा तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर १४,४०० युनिट झाले. युनिटला नऊ रुपये लावा, रक्कम एक लाख तीस हजारांच्या आसपास जाते. शंभराच्या विक्रीमागे पाच रुपये हातात राहणाऱ्या कंपनीला एवढे पैसे सोडवायला सव्वीस लाखांचा माल विकावा लागेल. भोक मात्र अगरबत्ती जाईल एवढं.

मालकाला पर्यावरणाची चाड असेल तर धंदा चांगला चालतो का, या प्रश्नावर जगभर ढीगभर शोधनिबंध निघतात. भाषा इतकी जड असते की ज्याची कंपनी आहे तो पहिल्या पानावरच झोपतो. मला वाटतं, या एका भोकातून त्यातलं बरंचसं समजावून सांगता येईल.

आधी 'छोटी कंपनी' म्हणजे किती छोटी? १ एप्रिल २०२५ पासून सरकारी व्याख्या बदलली. यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर सूक्ष्म, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत लघु, १२५ कोटी आणि ५०० कोटींपर्यंत मध्यम. नाशिकच्या औद्योगिक वसाहतींतले बहुतेक शेड पहिल्या दोन खान्यांतले. मोठ्या वाहन कंपन्यांना, इलेक्ट्रिकल पॅनेलवाल्यांना पार्ट पुरवणारे, जॉबवर्क करणारे, पावडर कोटिंगवाले, प्लेटिंगवाले.

अशा कंपनीत 'नेतृत्व' हा शब्द जरा मोठाच वाटतो. मोठ्या कारखान्यात पर्यावरणाचा वेगळा विभाग असतो, त्याचा वेगळा साहेब, वेगळं बजेट. छोट्या कंपनीत खरेदी शेठ बघतात, भरती शेठ बघतात, बँकेत तेच जातात, आणि दिवाळीला मिठाईचे बॉक्सही तेच निवडतात. १९८४ मध्ये हॅम्ब्रिक आणि मेसन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी मांडलं होतं की कंपनी ही तिच्या वरच्या माणसांचं प्रतिबिंब असते. त्यांना जे दिसतं, जे महत्त्वाचं वाटतं, तेच कंपनी करते. ते मोठ्या कंपन्यांबद्दल बोलत होते. वीस माणसांच्या शेडमध्ये हे किती पटीने खरं असेल, विचार करा. शेठ रोज सकाळी कुठल्या बाजूने फेरी मारतात यावर त्या बाजूची स्वच्छता अवलंबून असते.

म्हणजे पर्यावरणाचं नेतृत्व ही छोट्या कंपनीत मुळात नजरेची गोष्ट आहे. (५ जूनला गेटपाशी रोप लावून फोटो काढतात, ती नव्हे. ते रोप पुढच्या जूनपर्यंत जगलं की नाही, हे विचारलं तर बहुधा विषय बदलतो.)

आता प्लेटिंगच्या शेडमध्ये जाऊ, कारण हा विषय तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. पार्टावर निकेल चढवायचं तर तो रॅकवर टांगून रसायनाच्या टाकीत बुडवतात, काढतात, आणि पाण्याच्या टाकीत धुतात. टाकीतून रॅक वर येताना पार्टाच्या अंगावर रसायनाचा पातळ थर चिकटून येतो. धंद्यात याला 'ड्रॅग-आउट' म्हणतात. हा थर धुण्याच्या पाण्यात जातो, पाणी ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत जातं, तिथे चुना वगैरे घालून त्यातलं निकेल खाली बसवतात, गाळ तयार होतो, आणि तो घातक कचरा म्हणून अधिकृत केंद्राकडे किलोवर पैसे मोजून पाठवावा लागतो. हिशेब नीट बघा. निकेलचं मीठ विकत घेतलं, एकदा पैसे गेले. ते वाहून नेणारं पाणी विकत घेतलं, दुसऱ्यांदा गेले. ते पाण्यातून काढायला रसायन घातलं, तिसऱ्यांदा. आणि गाळ द्यायला चौथ्यांदा. एकाच निकेलसाठी चार वेळा खिशात हात.

ड्रॅग-आउट कमी करायचा सगळ्यात स्वस्त उपाय फुकट आहे. रॅक टाकीवर काढला की लगेच पुढे न्यायचा नाही, दहा सेकंद तिथेच टांगून निथळू द्यायचा. थेंब परत टाकीत पडतात. पार्ट टांगताना कप किंवा खोलगट बाजू खाली येईल असा टांगायचा, म्हणजे त्यात रसायन साठत नाही.

दुसरा उपाय धुण्याच्या पद्धतीत आहे, आणि त्यातलं गणित सुंदर आहे. समजा तासाला एक लिटर रसायन अंगाला लागून येतं आणि पार्ट स्वच्छ व्हायला ते हजारपट पातळ व्हायला हवं. एकाच टाकीत धुतलं तर तासाला हजार लिटर पाणी लागेल. आता दोन टाक्या ठेवा. ताजं पाणी दुसऱ्या टाकीत सोडा आणि तिचं ओसंडलेलं पाणी पहिलीत येऊ द्या. पार्ट पहिलीकडून दुसरीकडे जातो, पाणी दुसरीकडून पहिलीकडे येतं. उलट्या दिशांमुळे प्रत्येक टाकीला आपल्या वाट्याचं बत्तीसपट पातळ करायचं असतं, कारण बत्तीस गुणिले बत्तीस म्हणजे साधारण हजार. पाणी लागतं तासाला बत्तीस लिटर. तीन टाक्या असतील तर दहा लिटर, कारण दहा गुणिले दहा गुणिले दहा म्हणजे हजार. प्रत्यक्षात पाणी इतकं नेटकं मिसळत नाही म्हणून आकडा थोडा वर जातो, पण हजार आणि बत्तीसमध्ये 'थोडा वर' फारसा टोचत नाही. उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असलेल्या शेडसाठी तर नाहीच. शिवाय पहिल्या टाकीतलं पाणी आता रसायनाने दाट असतं. निकेलची टाकी पन्नास-साठ अंशांवर तापवलेली, त्यातून वाफ जाऊन पातळी उतरते. ती भरायला हेच पाणी वापरता येतं. त्याबरोबर घाणही परत येते, त्यामुळे टाकीचं गाळण जास्त वेळा करावं लागतं. हे सांगितलं नाही तर प्लेटिंगवाले हसतील.

मग हे सगळे का करत नाहीत? जागा नसते, हे एक खरं कारण. पण दहा सेकंद टांगायला जागा कुठे लागते?

इथे नेतृत्वाचा प्रश्न येतो. टाकीपाशी उभा असलेला मुलगा बहुतेकदा नगावर किंवा रॅकवर मोजला जातो. शिफ्टला इतके रॅक झाले पाहिजेत. प्रत्येक रॅकला दहा सेकंद थांबला तर दीडशे रॅकमागे पंचवीस मिनिटं जातात. भिंतीवर 'निसर्ग वाचवा' असा बोर्ड लावला तरी तो मुलगा थांबणार नाही, आणि का थांबावं? पंचवीस मिनिटं त्याच्या खात्यातून जाणार, वाचलेलं निकेल शेठच्या खात्यात जमा होणार. तो सुपरवायझरला एवढंच विचारेल, "मग टार्गेटचं काय?"

या प्रश्नाला शेठ काय उत्तर देतात, तेच त्यांचं पर्यावरण धोरण. टार्गेट दहा रॅकने कमी केलं, किंवा रॅक अडकवायला टाकीवर साधा दांडा लावून दिला म्हणजे एक निथळेपर्यंत दुसरा बुडवता येईल, तर पद्धत टिकते. नुसता दम भरला तर शेठ शेडमध्ये असेपर्यंत टिकते. व्यवस्थापनशास्त्रात नेतृत्वाचे दोन प्रकार सांगतात. एक देवाणघेवाणीचं: काम कर, पैसे घे, चुकलास तर कापीन. दुसरं माणसाला कामाचं कारण पटवून त्याच्याकडून सुधारणा काढून घेणारं. हिरव्या नेतृत्वावरचं बहुतेक संशोधन दुसऱ्या प्रकाराचं गुणगान करतं. मला ते अर्धंच पटतं. टार्गेट बदलणं ही देवाणघेवाणच आहे, आणि ती आधी झाली नाही तर पटवण्याला काही अर्थ उरत नाही. मात्र दांडा कुठे लावायचा हे शेठना सुचत नाही, ते त्या मुलालाच ठाऊक असतं. त्याने ते सांगावं असं वातावरण हवं, तर दुसरा प्रकार कामाला येतो.

पडलेली नोट कोणी उचलली का नाही?

१९९१ मध्ये मायकेल पोर्टर या हार्वर्डच्या प्राध्यापकाने एका पानाच्या लेखात म्हटलं की पर्यावरणाचे कडक, पण नीट बेतलेले नियम कंपन्यांना मारक ठरतातच असं नाही. कित्येकदा ते नवं काही शोधायला भाग पाडतात आणि खर्च उलट कमी होतो. १९९५ मध्ये त्याने आणि क्लास व्हॅन डर लिंडे यांनी हे सविस्तर मांडलं. त्यामागचं मूळ म्हणणं आपल्या प्लेटिंगच्या शेडमध्ये आत्ताच पाहिलं: प्रदूषण म्हणजे विकत घेतलेला आणि वाया गेलेला माल. अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीने तर १९७५ पासूनच 'प्रदूषण टाळणं फायद्याचं' अशा नावाचा कार्यक्रम चालवला होता.

अर्थशास्त्रज्ञांनी यावर रास्त शंका काढली. रस्त्यावर खरंच पाचशेची नोट पडलेली असती तर आतापर्यंत कोणी उचलली नसती का? नफ्याच्या मागे असलेला मालक एवढा आंधळा कसा?

अंबडमध्ये दोन दिवस काढले की उत्तर मिळतं. लाइट बिल अकाउंटंटकडे येतं, तो तारीख बघून भरतो. कॉम्प्रेसर मेंटेनन्सवाल्याचा, त्याला बिलाचा आकडा माहीत नसतो. हवा प्रॉडक्शनवाले वापरतात, त्यांना वाटतं हवा फुकट असते. शेठना तिघांकडूनही काम करून घेता आलं असतं, पण ते तीन महिने थकलेल्या पेमेंटच्या मागे फोनवर आहेत. नोट पडलेली आहे, सगळ्यांना थोडी थोडी दिसते, उचलणं कोणाच्याच कामात बसत नाही.

आणि नियम नोट कशी दाखवतो याचं उदाहरण आपल्याच बिलात आहे. महावितरणने १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएच पद्धतीने लावायला सुरुवात केली. सोपं करून सांगायचं तर मोटरी प्रत्यक्ष कामासाठी जेवढी वीज घेतात, त्याच्या जोडीने चुंबकत्व उभं करायलाही लाइनमधून प्रवाह ओढतात. आता दोन्हींचा एकत्र हिशेब मीटरवर येतो. हा प्रवाह जागेवरच पुरवणारा कपॅसिटर ठीक असेल तर दुसरा भाग जवळजवळ नाहीसा होतो. पॉवर फॅक्टरचा (ओढलेल्या एकूण विजेतल्या प्रत्यक्ष कामाच्या वाट्याचा) दंड आणि सवलत पूर्वीही होती, पण मेलेला कपॅसिटर आता दर युनिटमागे बोलतो. ज्या पॅनेलचं दार पाच वर्षं उघडलं नव्हतं, ते उघडलं जातं.

संशोधन काय सांगतं, आणि ते किती ऐकावं

'हिरव्या कंपन्या जास्त कमावतात' असा निष्कर्ष वाचलात की निफाडकडे बघा. यंदा ज्या बागायतदाराच्या दारात नवा ट्रॅक्टर उभा आहे, त्याला गेल्या हंगामात द्राक्षाचा चांगला भाव मिळालेला असतो. ट्रॅक्टर आणि भाव यांचा संबंध पक्का आहे, पण ट्रॅक्टर घेतल्यामुळे भाव मिळाला असं गावात कोणी म्हणणार नाही. कंपन्यांचंही तसंच असू शकतं. ज्याच्याकडे पैसा खेळता आहे तो सोलर बसवतो, ईटीपी नीट चालवतो, प्रमाणपत्रं घेतो. मग कोणामुळे कोण? वॉडॉक आणि ग्रेव्ह्ज यांनी १९९७ मध्ये दाखवलं की गोष्ट दोन्हीकडून चालते: हाती पैसा असलेल्या कंपन्या सामाजिक जबाबदारी जास्त पाळतात, आणि ती पाळण्याचा पुढे फायदाही होतो.

२००३ मध्ये ऑर्लिट्झकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५२ अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. कंपनीची सामाजिक वागणूक आणि आर्थिक यश यांचा संबंध एकूण सकारात्मक निघाला, पण पर्यावरणाचा भाग वेगळा काढला तर संबंध बराच कमजोर. आणि असे अभ्यास मुख्यतः मोठ्या कंपन्यांवर झालेले असतात, कारण त्यांचे आकडे छापून येतात. छोट्या कंपन्यांवरच्या पुष्कळ अभ्यासांत प्रश्नावली असते. 'तुम्ही पर्यावरणाचा विचार करता का?' आणि दोन पानांनंतर 'तुमचा धंदा स्पर्धकांपेक्षा चांगला चालतो का?' दोन्हींची उत्तरं एकच माणूस देतो, बऱ्याचदा मालक स्वतः. आपल्या कंपनीबद्दल कोणता शेठ 'आम्ही घाण करतो आणि तोट्यात आहोत' असं लिहील? दोन्ही उत्तरं बरी आली की दोघांत संबंध दिसणारच. संशोधक हे ओळखून असतात, त्यावर उपायही करतात, पण असे निष्कर्ष जरा जपूनच घ्यावेत.

म्हणून 'फायदा होतो का' यापेक्षा 'कशातून होतो आणि कशातून होत नाही' हे विचारलेलं बरं. हवेची गळती, निकेल, पाणी, पॉवर फॅक्टर यांत पैसा परत येतो, कारण तो आधीच वाया जात होता. ईटीपी चालवण्यात येत नाही. रसायन, वीज, ऑपरेटरचा पगार, गाळाच्या विल्हेवाटीचे पैसे हा सरळ खर्च आहे. ईटीपी बंद ठेवून रात्री नाल्यात सोडणाऱ्याचा दर नगामागे स्वस्त पडतो आणि ऑर्डर त्याला जाते. हे प्रामाणिक प्लेटिंगवाल्याचं जुनं दुखणं आहे, आणि प्रेरणादायी भाषणांत ते कधीच येत नाही. नासर्डी सातपूरकडून शहरातून वाहत पुढे गोदावरीला मिळते. गोदेच्या प्रदूषणावर उच्च न्यायालयात जनहित याचिका चालली, आदेश निघाले. सिंहस्थ जवळ आला की तपासण्याही वाढतात. पण तपासणी बारा वर्षांच्या चक्रावर चालली, तर मधल्या काळात चांगल्या मालकाचा चांगुलपणा हा त्याचा तोटाच असतो. नेतृत्व कितीही डोळस असलं तरी ही खोट एकट्याने भरून निघत नाही. तिथे प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी लागतो, अचानक आलेला आणि बाटलीत नमुना घेऊन जाणारा.

गिऱ्हाईक आता आकडा मागतं

एक गोष्ट मात्र बदलते आहे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा ठरावीक नमुन्यातला अहवाल सक्तीचा केला. त्या कंपन्या आता पुरवठादारांकडे बघू लागल्या आहेत. युरोपने पोलाद, ॲल्युमिनियम अशा मालावर कार्बनचा सीमा कर आणला. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा टप्पा सुरू झाला. त्यात स्क्रू-बोल्टही येतात. नाशिकहून थेट निर्यात न करणाऱ्यालाही एखाद दिवशी मेल येतो: एका नगामागे वीज किती, डिझेल किती, स्क्रॅप किती, भरून पाठवा.

ज्याने गळती शोधताना मोजायची सवय लावली, त्याच्याकडे हा आकडा तयार असतो. ज्याने नाही लावली, तो सल्लागार शोधतो. छोट्या कंपनीत हिरवेपणाचा फायदा असा आडवाटेने येतो, वेंडर यादीत नाव टिकण्याच्या रूपाने. केंद्र सरकारची झेड ('झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट') प्रमाणपत्राची योजना २०२२ मध्ये नव्या रूपात आली, तीही मोजमापावरच उभी आहे. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड या पायऱ्यांचं शुल्क १०, ४० आणि ९० हजार रुपये. त्यात सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के सवलत. फॉर्मला घाबरू नये, निमा किंवा आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांमध्ये विचारलं तर तो भरलेला कोणीतरी भेटतोच.

तक्रारही नोंदवून ठेवतो. कार्बनचा आकडा आठवड्यात मागणारं गिऱ्हाईक दर वाढवून देत नाही, आणि पैसे नव्वद दिवसांनी देतं. कायद्याने सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकर कायद्यात तशी तरतूदही आली: मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. तरी भीड आडवी येते, पुढची ऑर्डर जाईल म्हणून कोणी बोलत नाही. तीन टाक्यांची धुण्याची लाइन बसवायला लागणारे पैसे बहुधा त्याच नव्वद दिवसांत अडकलेले असतात. हिरव्या नेतृत्वावर भाषण देणाऱ्या मोठ्या कंपनीने एवढं एक केलं, वेळेवर चेक काढला, तर तिच्या पुरवठादारांचं पाणी आपोआप वाचेल.

सुरुवात कुठून करायची असं विचाराल, तर साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, आणि फोनवरच्या घड्याळाने. सगळी मशीन बंद ठेवा, हवेच्या लाइनचे व्हॉल्व्ह उघडे, आणि फक्त कॉम्प्रेसर चालू. कोणीच हवा वापरत नाहीये, तरी तो थोड्या थोड्या वेळाने लोड घेईल, म्हणजे हवा भरू लागेल, कारण गळती भरून काढतोय. किती वेळ लोडवर चालतो आणि किती वेळ अनलोडवर, चार-पाच फेऱ्या लिहून घ्या. लोडच्या वेळेला दोन्हींच्या बेरजेने भागा. दीड मिनिट लोड, तीन मिनिटं अनलोड असेल तर तुमच्या कॉम्प्रेसरच्या क्षमतेतली एक तृतीयांश हवा नुसती पाइपातून जाते. मग साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन जॉइंट धरत चाला. बुडबुडा आला की खडूने गोल करा. बहुतेक ठिकाणी टेफ्लॉन टेप, एखादा वायसर किंवा चाळीस रुपयांचा क्लिप लागतो.

मेंटेनन्सवाल्याला बरोबर घ्या. आणि त्या दिवशी लाइट बिलाची एक झेरॉक्स त्याच्या हातात द्या, त्याने ते कधी पाहिलेलं नसतं.